अमक्याची पत्नी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या भेटीत तू म्हणालास की, आपल्याकडच्या बायकांना मतासाठी झगडावेच लागले नाही, राज्यघटनेने ते आयते हाती दिले. तेव्हा मी वाद घातला नाही. पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि मताधिकार मागून आले. मताधिकार कुणाला द्यावा हे ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने पडद्याचे व समाजस्थितीचे कारण पुढे करून ती मागणी नाकारली. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन १९१९ मध्ये लंडनला जाऊन बाजू मांडत राहिल्या, तरी ब्रिटिश संसदेने निर्णय प्रांतांवर ढकलला. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मागोमाग मुंबईने दार किलकिले केले, तेही मालमत्तेच्या अटीवर. आणि घरजमीन बाईच्या नावावर किती असे, हे तुला सांगायला नको. (मुंबई इलाख्यातल्या या चळवळीत रमाबाई रानडे होत्या; शाळेत आपल्याला त्या फक्त 'सेवासदन'पुरत्या भेटल्या.)

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पुढचा भाग. मतदार पुरुषाची पत्नी म्हणून मत मिळावे, ही सूचना पुढे आली, तेव्हा प्रमुख महिला संघटनांनी ती धुडकावली. पत्नी म्हणून नव्हे, सज्ञान नागरिक म्हणून मत हवे, असा त्यांचा आग्रह होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ती तरतूद तरीही आलीच. पुढे स्वतंत्र भारताने सर्व प्रौढांना मत दिले आणि मतदारयाद्या तयार होऊ लागल्या, तेव्हा उत्तरेकडच्या कितीतरी बायका परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगेनात; यादीत 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची मुलगी' अशाच नोंदी झाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले, बिहारमध्ये दुरुस्तीसाठी महिनाभराची खास मुदतही दिली; तरी देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख नावे शेवटी गळाली. त्या बायकांचे पहिले मत बुडाले, याची मला हळहळ वाटते. पण सेन यांच्या जागी मी असतो, तर मीही तेच केले असते.

आपल्याकडे नवऱ्याचे नाव उखाण्यात घ्यायचे आणि स्वतःचे लग्नात बदलायचे. माझ्या आजीचे माहेरचे नाव आम्हाला ती गेल्यावर कळले. तुझ्या आजींचे नाव पहिल्या यादीत कोणते लागले होते, ते काकूंना विचारून कळव.

तुझा स्नेही