मॉरिशसच्या आयटी मंत्र्यांना खुलं पत्र: घ्यायला एक क्लिक, विकायला बारा भानगडी

मा. माहिती तंत्रज्ञान, दळणवळण आणि इनोव्हेशन मंत्री,
मॉरिशस सरकार, पोर्ट लुई

मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार. या पत्राची फ्रेंच प्रत तुमच्या ऑफिसला मेल केली आहे, पोचही आली (ऑटोमॅटिक होती, पण आली). मराठीत इथे टाकतेय कारण या भानगडीचं दुसरं टोक महाराष्ट्रात आहे, आणि तिकडच्या लोकांनाही जरा कळू दे की मॉरिशसच्या माणसाकडून ऑनलाइन काही घेतलं की इकडे त्याचे काय हाल होतात.

मी मूळची रत्नागिरीची, लग्न होऊन इथे आले, कात्र बोर्नला लहान धंदेवाल्यांची अकाउंट्स लिहिते. मोठी पार्टी माझ्याकडे येत नाही, त्यांना एबेनच्या काचेच्या बिल्डिंगांमधले लोक आहेत. माझ्याकडे येतात ते म्हणजे फेसबुक लाइव्हवर ड्रेस विकणारी रोझ हिलची बाई, घरात बसून लोगो आणि लग्नपत्रिका डिझाइन करणारा एक पोरगा, आणि वाक्वाच्या एक रिटायर्ड टीचर ज्या पुण्यातल्या मुलांना ऑनलाइन फ्रेंच शिकवतात. पुण्यात फ्रेंच शिकायचं वेड किती आहे ते पुणेकरांना सांगायला नको, आणि मॉरिशसमध्ये घरोघरी फ्रेंच आहे, शिवाय या टीचर मराठी घरातल्या, त्यांचे पूर्वज कोकणातून गिरमिटात, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून आलेले, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलून लहान मुलांना सांभाळून घेतात. म्हणजे विकायला माल आहे, घ्यायला गिऱ्हाईक आहे, इंटरनेट तर इथे उत्तमच आहे, समुद्रातून 2002 साली सेफ केबल आली, मग लायन, मग 2021 ला मेटिस, 2023 ला टी-थ्री. सगळं आहे. पैसे तेवढे येत नाहीत.

फी समजा महिन्याला चार हजार भारतीय रुपये. पुण्यातल्या आईने ती बँकेतून पाठवायची तर ए-टू फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा, पैसे कशासाठी त्याचा पर्पज कोड निवडायचा, मग तिच्या बँकेचा चार्ज, मधल्या कुठल्यातरी बँकेचा कट, आणि इथे आल्यावर इथल्या बँकेचा चार्ज, की चार हजारातले नक्की किती हातात पडणार हे टीचरना आधी कधीच सांगता येत नाही. म्हणून त्या तीन-तीन महिन्यांची फी एकदम मागतात, मग नवीन पालक म्हणतात परदेशातल्या ओळख ना पाळख अशा बाईला एकदम एवढे पैसे कसे द्यायचे, आणि त्यांचंही काही चुकत नाही. बरं पैसे आले तरी सुटका नाही, इथल्या बँकेतून फोन येतो, मॅडम हे एवढे वेगवेगळे लोक तुम्हाला पैसे का पाठवतात, काँट्रॅक्ट दाखवा, इन्व्हॉइस दाखवा. सातवीतल्या मुलाच्या आईशी काय काँट्रॅक्ट करायचं हो? व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं सगळं. मी शेवटी एक साधा इन्व्हॉइसचा फॉर्मॅट करून दिला, तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं यावर कंपनीचा शिक्का कुठे आहे.

मग वेबसाइट करून कार्डाने पैसे घ्या म्हणावं, तर पेमेंट गेटवेसाठी रजिस्टर्ड धंदा हवा, वेबसाइट आधी तयार हवी, वर डिपॉझिट मागितलं. चौकशीला गेलो होतो आम्ही दोघी, पुढचं विचारलंच नाही.

गंमत म्हणजे कायद्याने इथे कोणी अडवलेलंच नाही. परकीय चलनावरचं नियंत्रण मॉरिशसने 1994 लाच उठवलं. अडतंय ते भीतीपायी. फेब्रुवारी 2020 मध्ये देश एफएटीएफच्या (काळा पैसा रोखणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे नजर ठेवायच्या यादीत गेला, मग युरोपियन युनियनच्या यादीत गेला, ऑक्टोबर 2021 ला ग्रे लिस्टमधून सुटलो आणि युरोपच्या यादीतून 2022 ला. तेव्हापासून बँकांचं तोंड दुधाने पोळलेलं आहे, ताकही फुंकून पितात. ऑफशोअर कंपन्यांकडे वकील आहेत, ते ढीगभर कागद टाकतात आणि त्यांचे कोट्यवधी सुरळीत जातात-येतात. चार हजारवाल्या टीचरकडे शिक्का पण नाही. ग्रे लिस्टला कारण कोण झालं आणि निस्तरतंय कोण!

आता यूपीआयचं. 12 फेब्रुवारी 2024 ला मोदी आणि तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू केलं तेव्हा टीचरनी मला फोन करून सांगितलं की आता सुटलो. तुमच्या सेंट्रल बँकेचा मॉकॅस स्विच 2019 पासून आहेच, इथल्या बँका आपसात झटक्यात पैसे पाठवतात, म्हणजे दोन्हीकडे गाडी तयार आहे. पण ते निघालं टुरिस्टांसाठी. पुण्याहून फिरायला आलेला माणूस पोर्ट लुईच्या बाजारात क्यूआर स्कॅन करून ढोलपुरी खाऊ शकतो, त्याच्याच पुण्यात बसलेल्या बहिणीला त्याच रस्त्याने वाक्वाच्या टीचरची फी पाठवता येत नाही. टेक्निकल अडचण आहे असं कृपा करून सांगू नका, भारत आणि सिंगापूरने 21 फेब्रुवारी 2023 ला यूपीआय आणि पेनाउ जोडून दाखवलं, मोबाइल नंबरवर पैसे जातात. सुरुवातीला घरच्यांना पाठवण्यापुरतं का होईना, पण रस्ता तर पडला.

तर मग मी टीचरना सुचवलं की रेकॉर्डेड कोर्स करा, व्हिडिओ एकदा बनवायचे, विकत राहायचे. त्यांनी मेहनतीने केले हो, घरातल्या पडद्यासमोर बसून, कुत्रा भुंकला की परत पहिल्यापासून. मग मी भारताचे नियम वाचायला बसले. परदेशातून भारतातल्या साध्या गिऱ्हाइकाला ऑनलाइन सेवा विकली तर 18 टक्के जीएसटी, आणि त्यासाठी रजिस्ट्रेशन पहिल्या रुपयापासून, कितीही लहान असा, सूट नाही. दर महिन्याला जीएसटीआर-5ए नावाचा रिटर्न भरायचा, काही विकलं नाही तरी शून्याचा भरायचा. आधी व्याख्येत निदान असं होतं की जे आपोआप चालतं, माणसाचा हात कमीत कमी लागतो त्यालाच हे लागू, ते शब्द पण 1 ऑक्टोबर 2023 पासून काढून टाकले, म्हणजे लाइव्ह क्लाससुद्धा यात ओढला जाऊ शकतो. हा नियम कोणासाठी केला ते मला कळतं, मोठ्या स्ट्रीमिंग आणि जाहिरातीवाल्या कंपन्या कर बुडवू नयेत म्हणून, आणि बरोबरच केला. पण जाळ्यात सापडली आमची टीचर. मी त्यांना सरळ सांगितलं विकू नका. ते व्हिडिओ हार्ड डिस्कवर पडून आहेत, एका भाच्याला दाखवलेत.

डेटाचं तर विचारूच नका. तुमचा 2017 चा डेटा प्रोटेक्शन कायदा (लागू 15 जानेवारी 2018) चांगला आहे, मी नावं ठेवत नाही, डेटा देशातच ठेवा असली जबरदस्ती त्यात नाही आणि परदेशी पाठवायला संमती किंवा योग्य संरक्षण दाखवलं की झालं. पण मुलांची नावं आणि पालकांचे फोन वहीत ठेवणारी टीचरसुद्धा त्यात कंट्रोलर, म्हणजे त्या डेटाला जबाबदार ठरते, तिने डेटा प्रोटेक्शन ऑफिसकडे नोंदवायचं, तीन वर्षांनी परत, आणि चुकलं तर दोन लाखांपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय इथल्या कायद्यात 16 च्या आतलं मूल असेल तर पालकांची संमती लागते, भारताच्या 2023 च्या कायद्यात 18 च्या आत, आणि तो कायदा भारतातल्या लोकांना बाहेरून सेवा देणाऱ्यालाही लागतो. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी वाक्वात स्वतः हो म्हणू शकते आणि पुण्यात तिच्या आईने म्हणायचं. क्लास एकच, झूमवरचा. भारताचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आलेत, टप्प्याटप्प्याने लागू होतायत, म्हणजे बोलायला अजून वेळ आहे, म्हणूनच लिहितेय.

आता तुमच्या सरकारने नवीन काय केलं, तर 1 जानेवारी 2026 पासून परदेशी डिजिटल सेवांवर 15 टक्के व्हॅट. माझा याला विरोध नाही, इथला दुकानदार व्हॅट भरणार आणि बाहेरची कंपनी फुकट विकणार हे बरं नव्हतंच. पण त्याआधी 1 ऑक्टोबर 2025 ला इथल्या व्यापाऱ्यांसाठी व्हॅट नोंदणीची मर्यादा वर्षाला 60 लाखांवरून 30 लाखांवर आणली (महाराष्ट्रातल्यांसाठी: इथला रुपया म्हणजे तुमचे साधारण दोन), आणि जे त्याच्याही खाली आहेत, म्हणजे माझे बहुतेक सगळे क्लायंट, त्यांना मीटिंगच्या अ‍ॅपवर, डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, स्टोरेजवर हा नवीन व्हॅट खिशातून जातो, परत मिळत नाही, कारण नोंदणीच नाही. लहान माणसाचा कच्चा माल महाग झाला हे एमआरएच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, कुठल्या तक्त्यात दिसणार नाही, माझ्या वहीत दिसतं. डिझाइनवाल्या पोराने दोन सबस्क्रिप्शन बंद केली.

आणि एक जुनी गोष्ट, तुमच्या काळातली नाही, पण कायदा अजून तुमच्या हातात आहे. 2024 ची दिवाळी. निवडणूक 10 नोव्हेंबरला, चोरून टेप केलेल्या फोनची रेकॉर्डिंग्ज बाहेर येत होती, फोन टॅपिंगचा गदारोळ, आणि आयसीटीएने, म्हणजे इथल्या टेलिकॉम आणि इंटरनेटवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या ऑपरेटरना हुकूम काढला की 11 नोव्हेंबरपर्यंत सोशल मीडिया बंद. शुक्रवारी 1 नोव्हेंबरला, तिकडे महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन चाललेलं, इकडे रोझ हिलच्या बाईचं पेज बंद. तिचं दुकान म्हणजे ते पेजच, दुसरं दुकान नाही. दिवाळीच्या ऑर्डरी पोचवायच्या बाकी, कोणाचे पैसे आलेत आणि कोणाचा पत्ता काय हे सगळं मेसेंजरमध्ये. बोंबाबोंब झाली आणि दुसऱ्या दिवशी हुकूम मागे घेतला, 2 नोव्हेंबरला, जो इथे गिरमिटिया मजुरांच्या आगमनाचा सुट्टीचा दिवस. तेव्हा विरोधात असलेले तुमचे लोक या बंदीवर किती बोलले ते मी ऐकलंय. मग त्या निवडणुकीत बहुमत एवढं मिळालं की निवडून आलेल्या 62 पैकी 60 जागा तुमच्या, तर आता आयसीटीए कायद्यात एक कलम घाला ना, की कोर्टाच्या आदेशाशिवाय अख्खा प्लॅटफॉर्म बंद करता येणार नाही. 2021 ला याच आयसीटीएने सोशल मीडियाचा ट्रॅफिक मध्येच उघडून वाचायचा प्रस्ताव आणला होता हे परदेशी गिऱ्हाइकं विसरलेली नाहीत, डिझाइनवाल्याला एका जर्मन पार्टीने त्यावरून विचारलं होतं.

तुम्ही म्हणाल बाई पेमेंट हे सेंट्रल बँकेचं, व्हॅट एमआरएचा, भारताशी व्यापाराच्या वाटाघाटी परराष्ट्र खात्याच्या, माझ्याकडे काय? हेच तर. मी चारही ठिकाणी जाऊन आलेय आणि चारही ठिकाणी बाकीच्या तिघांकडे पाठवतात, अगदी गोड बोलून पाठवतात. 2025 मध्ये तुमच्या खात्याने 2029 पर्यंतचा डिजिटल ब्लूप्रिंट काढला, त्यात सरकारी सेवा ऑनलाइन होणार, एआय येणार, सगळं छान आहे, पण बाहेर विकणाऱ्या लहान माणसाचं काम कोणाच्या टेबलावर हे तुम्हीच ठरवून टाका. तुमच्या टेबलावर घ्या.

आणि भारताशी बोलायला जागा आहे. भारत आणि मॉरिशसमधला सेकपा हा व्यापार करार 1 एप्रिल 2021 पासून चालू आहे, भारताचा आफ्रिकेतल्या देशाशी झालेला पहिला असा करार, त्यात भारताने सेवांची साधारण 95 उपक्षेत्रं मॉरिशसला उघडलीत. उघडलीत खरी, पण डिजिटल व्यापाराचं वेगळं प्रकरण त्यात नाही. मॉरिशसने यूएईशी केलेल्या, 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या करारात आहे, म्हणजे लिहिता येतं तुमच्या लोकांना. तसंच भारताबरोबर लिहा. वर्षाला अमुक रकमेच्या आत विकणाऱ्या मॉरिशसच्या माणसाला जीएसटीच्या नोंदणीतून सूट, आणि उलट भारतातल्या लहान विक्रेत्याला इथे तशीच. यूपीआय आणि मॉकॅसमधून शिकवणी, डिझाइन, अनुवाद अशा कामांची लहान पेमेंट. दिवसाची मर्यादा घाला, पर्पज कोड घाला, टीचरचं ओळखपत्र जोडा, आमची काही हरकत नाही. सेंट्रल बँकेने सगळ्या बँकांना एक साधं सर्क्युलर काढावं की ठरावीक रकमेच्या खाली इन्व्हॉइस पुरे, शिक्का नको.

बजेट जूनमध्ये मांडतात. त्याआधी बँका, एमआरए आणि असे दहा-बारा धंदेवाले एका खोलीत बसवा, अर्धा दिवस पुरे. मी वह्या घेऊन येते, टीचरही यायला तयार आहेत, फक्त शनिवारी ठेवू नका, शनिवारी त्यांचे पुण्याचे तीन क्लास असतात.

आपली,
कात्र बोर्नची एक हिशेबनीस