पदाआधीचं वाक्य

मिरज,
बुधवार, रात्री

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईनं मोठ्यानं वाचून दाखवला. रविवारी दादरला ऑडिशन, खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ या संगीत नाटकातल्या रुक्मिणीसाठी, एक गद्य उतारा आणि एक पद. तुझी आजी लगेच म्हणाली, “मग नथ पाठवूया का?” तिला म्हटलं, अजून लग्न ठरलेलं नाही, नुसता मुलगी बघायचा कार्यक्रम आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून कागदावर लिहितोय. आई फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिलाच विचार.

मी गायक नाही आणि नटही नाही. पण तरुणपणापासून संगीत नाटकाला पायपेटीची साथ करतोय, आणि पात्रं निवडायची वेळ आली की पेटीवर बसायला कुणीतरी मलाच बोलावतं. त्यामुळे उमेदवार जसा टेबलामागच्या मंडळींना दिसतो, तसा मला दिसत नाही. मला दिसते त्याची पाठ, खांदे आणि श्वास. तिथून जे कळलं तेवढंच सांगतो.

बहुतेक मुलं आत येताना दोन माणसं घेऊन येतात. एक बोलणारं आणि एक गाणारं. बोलणारं माणूस गद्य कसंबसं उरकतं. मग सगळं थांबतं. घसा खाकरला जातो, पदर सारखा होतो, माझ्याकडे बघून मान हलते आणि मैफलीत बसल्यासारखा ‘आ’कार लागतो. तेवढ्या चार-पाच सेकंदांत रुक्मिणी विंगेतून घरी गेलेली असते. पुढचं गाणं कितीही तयारीचं असो, ते रुक्मिणीचं राहत नाही. संगीत नाटकातलं पद हे आधीच्या वाक्याचं पुढचं वाक्य असतं. बोलून मावेना म्हणून गायलेलं. टेबलामागच्या जाणत्या माणसाचं लक्ष त्या सांध्यावर असतं, कारण सुरेल गाणाऱ्या मुली मुंबई-पुण्यात भरपूर आहेत. बोलता बोलता गाणाऱ्या फार थोड्या.

तेव्हा उरलेल्या दिवसांत अख्खं पद रोज एकदाच म्हण. बाकी वेळ फक्त सांध्यावर घाल: पदाआधीची शेवटची दोन वाक्यं आणि पदाची पहिली ओळ. पेटीवाला तुझ्या शेवटच्या वाक्याखाली सूर धरतो ना, ते वाक्य बोलतानाच तुझ्या षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, जवळपास येऊन टेकलं पाहिजे. गाऊन नाही हं, बोलूनच. तंबोरा लावून नुसतं गद्य बोलत बस, दोन दिवसांत कानाला आपोआप सवय होते. श्वास वाक्य संपल्यावर घेऊ नकोस. वाक्याच्या पोटात कुठेतरी, शेवटच्या दोन-तीन शब्दांआधी घे, म्हणजे पदाच्या पहिल्या अक्षरावर तो शिल्लक असेल. आणि परतीचा सांधाही विसरू नकोस. पद संपल्यावरचं पहिलं वाक्य बहुतेकांचं चढ्या आवाजात, धापा टाकत येतं. पदानंतर एखादं गद्य वाक्य मुद्दाम जोडून घे आणि त्यांनी थांबवलं नाही तर तेही म्हण. हे फारसं कुणी करत नाही.

पट्टीबद्दल. तू बालगंधर्वांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकतेस ते चांगलंच आहे, पण रेकॉर्डबरोबर गळा जुळवत बसू नकोस. रुक्मिणी काय, ‘सौभद्र’मधली सुभद्रा काय, ‘मानापमान’मधली भामिनी काय, ही सगळी पदं सुरुवातीला पुरुषांनी गायलेली आहेत. ‘स्वयंवर’ 1916 मध्ये आलं तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि रुक्मिणी उभी केली ती बालगंधर्वांनी. तुझा गळा वेगळा. तुझी पट्टी काळी चार आहे ना, पेटीची चौथी काळी? मग काळी चारच. वरच्या षड्जावर ताण येत असेल तर अर्धा सूर खाली ये, कुणी बोट मोडणार नाही. घरी काळी चारमध्ये गाऊन तिथं उत्साहात काळी पाच सांगणाऱ्या मुलींना मी साथ केली आहे. अंतऱ्यात त्यांचे खांदे कानापर्यंत येतात.

रेकॉर्डमधून घ्यायचं ते वेगळंच. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची. रंगमंचावर वन्समोर घेत घेत तेच पद लांबवणारे गायक तबकडीसाठी ते तीन मिनिटांत बसवत, आणि तरी अपुरं वाटत नाही. काय ठेवलंय, काय गाळलंय, मुखडा किती वेळा घेतलाय ते मोजून बघ. ऑडिशनला तुला त्याहून जास्त वेळ मिळणार नाही. बिहाग राग सविस्तर मांडायला बसू नकोस. पहिल्या ओळीत शब्द कळले पाहिजेत, अंतऱ्यात भाव, आणि एखादी लहान, स्वच्छ तान. जी तान घरी दहातल्या आठ वेळा येते ती तिथं येत नाही असं धरून चाल आणि दहाच्या दहा वेळा येते तीच ठेव.

आता साथीदारांविषयी, म्हणजे माझ्या जातभाईंविषयी. माणूस अनोळखी असेल. “नेहमीची पट्टी” म्हणू नकोस, “काळी चार” म्हण. तबलजीला “मध्य लय” एवढंच सांगून काही कळत नाही, प्रत्येकाचा मध्य वेगळा. मुखडा दोन आवर्तनं गुणगुणून दाखव आणि तो कितव्या मात्रेवरून उठतो ते सांग. पदाचे शब्द आणि ताल लिहिलेला एक कागद पेटीवाल्यासाठी ने, मोठ्या अक्षरात. आमची बरीच मंडळी चष्मा घरी विसरतात. आणि तो चुकला तर मागे वळून बघू नकोस. ठेका घसरला तरी तू लय धरून चालत राहा, तो येतो तुझ्यामागे. रागानं मागे बघणाऱ्या मुलीचं काय होतं सांगू? टेबलावरचा माणूस मनात म्हणतो, ही सहा महिन्यांच्या दौऱ्यात बसमध्ये कशी वागेल?

हे मी चेष्टेनं लिहीत नाही. ते खरोखर तोच विचार करत असतात. कदाचित गद्य झाल्यावर दिग्दर्शक म्हणेल, “हेच जरा चिडून करून बघा,” किंवा “हसत करा.” तुझं चुकलं म्हणून नव्हे, सांगितलेलं तू घेतेस की नाही हे त्याला बघायचं असतं. रुक्मिणी इथं चिडणारच नाही असं तुला शंभर टक्के वाटलं तरी चिडून दाखव. वाद तालमीत घालता येतो, आणि घालावाच.

एखादा न वाचलेला प्रवेशही हातात देतील. खाडिलकरांची वाक्यं लांब, अलंकारानं जड, आणि क्रियापद पार शेवटी. कच्चं वाचन करताना आधी डोळ्यांनी क्रियापद शोध, मग तोंड उघड. वाक्य कुठे जाऊन पोचणार हे माहीत असलं की मधले फाटे आपोआप सुटतात. आणि घाबरायचं कशाला? खाडिलकर सांगलीचे, ‘शारदा’ लिहिणारे देवल हरिपूरचे. ही आपल्या कृष्णाकाठचीच भाषा आहे, फक्त जरीकाठी. जोडाक्षरं तेवढी खाऊ नकोस. ‘कृष्ण’मधला ण तुझ्या मुंबईच्या मैत्रिणींच्या नादानं पातळ व्हायला लागलाय, दिवाळीत माझ्या कानावर आलं होतं.

संवाद टेबलावरच्या माणसांच्या डोळ्यांत बघून म्हणू नकोस. त्यांना लिहायचं असतं, चहा प्यायचा असतो, आणि रुक्मिणीचा कृष्ण व्हायची त्यांची तयारी नसते. त्यांच्या डोक्याच्या जरा वर, थोडं बाजूला एक जागा ठरव. कुणी जांभई देईल, कुणी मोबाईल बघेल, तिसऱ्या ओळीलाच “थँक यू” म्हणतील. त्यावरून काही ताडू नकोस. सकाळपासून तेच पद ऐकलेल्या माणसाचा चेहरा कुणालाच वाचता येत नाही. मला शेजारी बसूनही येत नाही.

साधी सुती साडी नेस, जिच्यात झरझर चालता येईल. बांगड्या काढून ठेव. मोबाईलवरचा तंबोरा नेणार असशील तर फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर ऐन आलापात आत्याचा व्हिडिओ कॉल येईल. ती तेवढी वेळ साधतेच.

घशाचं आई सांगेलच, पण तिच्या सांगण्यातलं निम्मं सोड. मध, खडीसाखर, ज्येष्ठमध जे गिळतेस ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना स्पर्शही करत नाही. बरं वाटतं म्हणून घे, पण आयत्या वेळी गटागटा पाणी पिऊन आवाज सुटत नाही. आदल्या दिवसापासून पाणी पीत राहा. वाफ तिथपर्यंत पोचते, ती घे. शनिवारी रात्री मैत्रिणींबरोबर हॉटेलात गप्पा नकोत, गोंगाटावर आवाज चढवून बोलणं हे गाण्यापेक्षा जास्त थकवतं. रविवारी सकाळी खर्ज, मग सपाट सरगम हलक्या आवाजात, आणि बास. पद घरी म्हणू नकोस.

भीती वाटेल. हात गार पडतील, तोंड कोरडं होईल, श्वास छातीत वर येऊन बसेल. जिन्यात उभी असताना श्वास घेण्याचा खटाटोप करू नकोस, सोडण्याकडे लक्ष दे. सावकाश, शेवटपर्यंत सोड. आत येतो तो मग खालून येतो. भीती जात नाही, पण तिच्यासकट गाता येतं.

आता गेल्या महिन्यातलं. वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये त्या कास्टिंगवाल्याच्या दारातच मुलानं तुझ्याकडे बघून “नॉट फिट” म्हटलं आणि आत सोडलंच नाही. त्या रात्री तू फोनवर गप्प होतीस. तुला आता सगळे लताबाईंचा किस्सा सांगतील, आवाज पातळ म्हणून नाकारल्याचा. मी सांगणार नाही. लताबाई एकच झाल्या आणि नाकारलेल्या हजारो. मला आमच्या पेटीचं आठवतं. आकाशवाणीनं 1940 मध्ये हार्मोनियमला बंदी घातली ती 1971 मध्ये सैल झाली. कारणं काय, तर सूर घसरवत नेणारी मींड निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती मिळत नाहीत, वाद्य परदेशी. आरोप अगदीच खोटे होते असंही नाही. तीस वर्षं पेटी ‘नॉट फिट’ होती आणि त्याच तीस वर्षांत नाटकात, भजनात, कीर्तनात, घराघरात ती वाजतच होती. रेडिओला नको होती, एवढंच.

जागा कुणाची रिकामी आहे यावर फार काही ठरतं, सई. स्त्री-भूमिका गाजवलेले गायक नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले आणि त्यांच्या किर्लोस्कर नाटक मंडळीला गाणारी नायिका हवी होती. नारायण राजहंस नावाचा मुलगा, म्हणजे आपले बालगंधर्व, 1905 मध्ये आपल्या मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला. गळा दैवी होता यात वादच नाही, पण जागाही रिकामी होती. त्या आरामनगरच्या मालिकेत तुझ्याजोगी जागा नव्हती. या नाटकात आहे की नाही ते रविवारी कळेल. उंची, वय, कृष्ण कोण करतोय, त्याच्या शेजारी तू कशी दिसतेस, यातलं काहीही रियाजानं बदलत नाही. तुझ्या हातात फक्त तो सांधा आहे.

रुक्मिणी न देता पर्यायी कलाकार म्हणून किंवा एखाद्या सखीच्या कामाला घेतलं, तर आईचं मत ‘नको’ असं पडेल. माझं मत ‘घे’. सगळ्या तालमींना बसायला मिळतं आणि मुख्य नटीचा आवाज कधी ना कधी बसतोच. मात्र नोकरी सोडू नकोस. संगीत नाटकाचे प्रयोग आता महिन्याकाठी किती होतात ते मला माझ्या मानधनावरून समजतं. आणि नोंदणीचे, फोटोंचे, कसल्याही ‘डिपॉझिट’चे पैसे कुणी मागितले तर उलट्या पावली परत ये. काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही.

रविवारी बाहेर पडलीस की कुणालाही “कसं झालं” ते सांगत बसू नकोस, स्वतःलासुद्धा नाही. दादरलाच आहेस तर पोटभर जेव, आणि माझ्यासाठी पेटीच्या भात्याचं कापड मिळतंय का ते बघ. मिळालं तर दोन मीटर आण. निकाल लागला की कळव किंवा कळवू नकोस, मी विचारणार नाही. आई विचारेल. तिला थांबवणं माझ्या हातात नाही, आणि ती सोमवारी सकाळी सातलाच विचारेल, तेव्हा फोन उशाशी ठेवूनच झोप.

तुझा,
बाबा

ता. क. आजीनं नथ खरंच डब्यात घालून ठेवली आहे. पाठवू का?