दोरीच्या आत कोण, बाहेर कोण

महोदय,

एक रुपयातला पीक विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला आणि भरपाईचा सगळा भार पीक कापणी प्रयोगांवर आला, म्हणजे चिठ्ठीसारख्या निवडलेल्या रानात ठराविक मापाचा चौकोन खुंट्या-दोरीने आखून, तेवढेच पीक कापून तोलायचे; अशा वजनांची सरासरी कमी भरली तर भरपाई. तेव्हापासून गावोगाव या प्रयोगांविषयी तक्रारी ऐकतो. मी सातारा जिल्ह्यात कृषी सहायक होतो. असे प्रयोग किती केले याची मोजदाद नाही, पण एक चांगलाच लक्षात आहे, कारण तो मी चुकवला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, पीक बाजरीचे. गट नंबर रँडम नंबरच्या, म्हणजे कुणाच्या मर्जीने न निवडलेल्या आकड्यांच्या, तक्त्यातून आलेला; चौकोनाची जागा ठरवणारी पावलेही तशीच. रानाच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहून लांबीकडे 47 पावले गेलो, तिथून रुंदीकडे 12, आणि पोचलो नेमका मुरमाड टेपाडावर. बाजरी गुडघ्याएवढी, कणसे करंगळीएवढी. शेतकरी म्हातारा होता. म्हणाला, "आवं सायेब, हितं काय कापताय? माझं रान काय असलं हाय व्हय? तिकडं वढ्याच्या कडंला बघा की." पाहुण्याला फुटक्या कपात चहा द्यावा लागल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मी खुंट्या उपटल्या आणि ओढ्याकडे नेऊन ठोकल्या. तिथले वजन तालुक्याच्या सरासरीत गेले. टेपाडावर किती पिकले ते कुठल्याच वहीत नाही.

तेव्हा मला यात काही गैर वाटले नव्हते. विमा फारसा कुणाच्या मनात नसे, अब्रू मात्र असे. आज उलटे झाले आहे. शेतकऱ्याला वाटते टेपाड निघावे, विमा कंपनीच्या माणसाला वाटते ओढ्याकाठ निघावा. रँडम नंबर दोघांचाही नसतो, म्हणून तर तो ठेवलेला आहे.

दुसरी गोष्ट दोरीची. कापायचा चौकोन खुंट्या ठोकून दोरीने आखतात. कडेवरची झाडे आत धरायची की बाहेर? बुंधा आत तर झाड आत, हा नियम. पण कापणाऱ्याचा हात आपोआप भरले कणीस आत ओढतो. त्यात लबाडीच असते असे नाही. आमच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. तुकडा जितका लहान, तितकी आतल्या पिकाच्या मानाने कड जास्त, आणि तितके उत्पादन फुगते, हे त्यांनी 1946 मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. हिशेब घरी करून पाहण्यासारखा आहे. एक मीटर लांब-रुंद चौकोनाला एका चौरस मीटरमागे 4 मीटर कड येते. दहा बाय पाचच्या तुकड्याला ती 60 सेंटिमीटरच येते. बंगालमध्ये दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस लहान वर्तुळाकार तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. त्यांचेही खोटे नव्हते: लहान तुकडे स्वस्तात, पुष्कळ ठिकाणी कापता येतात, फक्त माणसे त्याच कामासाठी तयार केलेली हवीत. सुखात्म्यांसमोर मात्र आमच्यासारखी, दहा कामांतून वेळ काढून रानात जाणारी माणसे होती. मला त्यांचे म्हणणे पटते, कारण मी स्वतःलाच पाहिले आहे.

ही कड शेतकऱ्याच्या खिशापर्यंत कशी पोचते पाहा. समजा, महसूल मंडळाचे उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली सरासरी गेली तरच भरपाई मिळते ते) हेक्टरी 1000 किलो आहे आणि खरे उत्पन्न 950 निघाले. भरपाई विमा रकमेच्या 5 टक्के. तोलताना तेच उत्पन्न पाच टक्क्यांनी फुगले तर आकडा 997 च्या पुढे जातो आणि हातात जवळजवळ काहीच पडत नाही. मंडळात एका पिकाचे प्रयोग असतात दहा-बारा, त्यामुळे एकदोन खुंट्या सरकल्या तरी सरासरी हलते.

आता अ‍ॅप आहे, फोटो आहेत, ठिकाणाची नोंद आपोआप होते. माझे टेपाड आजच्या अ‍ॅपमधून कदाचित सुटले नसते. पण दोरी कुठल्या ओळीला घासून गेली हे फोटोत दिसत नाही, आणि ओले धान्य वाळवून पुन्हा तोलले की नाही हेही दिसत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रयोगाच्या आधी निवडलेले गट नंबर चावडीवर लावा. प्रयोगानंतर त्याच फळ्यावर लांबी-रुंदीची पावले, ओले वजन आणि वाळल्यावरचे वजन लिहा. कापणीच्या दिवशी शेजारच्या रानातली दोन माणसे दोरीपाशी उभी राहू द्या. बुंध्याचा नियम त्यांना कुणी शिकवायला नको, वाटणीचे पीक मोजताना ती हेच करतात.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
ता. खटाव, जि. सातारा