रविवारची बैठक : माँटगोमेरी ते मिनियापोलिस

सभासदहो, आठवण करून देतोय. फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. त्यानिमित्त येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमायचं आहे.

१ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला अटक झाली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर पहाटेपर्यंत बसवर बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रकं काढली, ते मला फार मोलाचं वाटतं. मग शहरातले कृष्णवर्णीय लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा जीव जात असताना, ते मोबाइलवर चित्रित करणाऱ्या १७ वर्षांच्या डार्नेला फ्रेझरने मोबाइल खाली केला नाही.

आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव कसं घेतलं, त्यावरही बोलू. त्या काळची पत्रकं कुणाच्या घरी असतील तर नक्की आणा.