बसच्या खिडक्यांचे पडदे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, पडदे तू शिवून आणणार म्हणालीस, म्हणून मापं कळवते. इथे अमेरिकेत, फिनिक्सला जून-जुलैत दुपारी पारा ४० च्या वर जातोच, आणि राहण्यासाठी घर केलेल्या या जुन्या स्कूलबसची काच एकेरी. नुसतं कापड लावलं तर तेच तापतं आणि आत झळ मारतं. म्हणून काचेकडच्या अंगाला चंदेरी बबल-फॉइल हवं. त्याचा ४ फूट रुंद, २५ फुटी रोल इथे आहे. १२ खिडक्यांना १४ फूट लागेल, उरलेलं पुढच्या मोठ्या काचेला.

खिडकी २८ इंच रुंद, २४ उंच, फॉइल तेवढंच. कापड ३२ बाय २८ काप. कडेने अर्धा इंच दुमडून शिवलंस की चहूबाजूंनी दीड इंचाची पट्टी उरते. ती कमी करू नकोस. पडदे चुंबकांनी लावायचे आहेत, आणि खिडकीची चौकट ॲल्युमिनियमची आहे, तिला चुंबक धरत नाही. पट्टी पलीकडच्या लोखंडी पत्र्यापर्यंत पोचली तरच पडदा टिकतो. जाड ड्रिल कापडाच्या ५८ इंची पन्ह्यात दोन तुकडे बसतात, म्हणजे पाच मीटर पुरे. पण साडेपाच घे आणि आधी भिजवून वाळव, सुती कापड आटतं. दोरा पॉलिएस्टरचा, सुती उन्हाने विरतो. फॉइल तू आल्यावर जोडू. त्यावर कडेने एकच टीप घालायची, कारण सुई लागलेले बुडबुडे फुटून बसतात.

पट्टीवर चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मध्यावर असे सहा छोटे खिसे शिव, तोंडं उघडी ठेव. चुंबक शेवटी घालून हाताने टाके घालायचे. आधी घातले तर मशीनची सुई तिकडे ओढली जाऊन मोडते.

बाबा, हे चुंबक नखाएवढे असले तरी फार जोरकस आहेत. पेसमेकरपासून अर्धा फूट तरी लांबच हवेत. म्हणून तुमच्या पलंगाजवळच्या दोन खिडक्यांना टिचबटणं लावते. आई, त्या दोन पडद्यांना खिसे नकोत. वेल्क्रोचा गोंद या उन्हात सुटतो. बाकीचे दहा पडदे काढायला-लावायला मला हाक मारा, छातीशी धरून नेऊ नका.

पश्चिमेच्या बाजूला मी बाहेरूनही शेडनेट ताणणार आहे, आपल्या नर्सरीत असतं तसंच, ७५ टक्क्यांचं, काचेपासून वीतभर लांब. ऊन काचेवर पडूच दिलं नाही तर आतल्या पडद्याचं निम्मं काम होतं. तुमची दुपारची झोप त्याच बाजूला आहे.

आई, कापडाला कात्री लावण्याआधी एक तुकडा वर्तमानपत्राचा कापून बघ आणि त्याचा फोटो पाठव.

तुमची,
मनू