पट घसरतो तो केजीतच

संपादक महोदय,

शाळा सुरू झाल्या की पेपरात ठरलेली बातमी येते, अमक्या तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळांचा पट घसरला, तमकी शाळा शेजारच्या शाळेत विलीन करणार. मग कोण म्हणतं मराठी माध्यम नको झालंय, कोण म्हणतं मास्तर शिकवत नाहीत. मी गोव्यातल्या वाळपईचा, मुलं लहान आहेत म्हणून हे रोज बघतो, आणि मला कारण भलतंच दिसतं.

सरकारी शाळा सुरू होते पहिलीपासून, आणि आईबाप शाळा ठरवतात मूल तीन वर्षांचं झालं की. खासगी शाळेत केजी आहे, गाडी वाड्यापर्यंत येते. एकदा पोर तिथे रमलं, त्याचे दोस्त झाले, टीचर ओळखीची झाली, की पहिलीला त्याला काढून कोण इकडे आणणार? मे महिन्यात सरकारी शाळेच्या बाई दारोदार फिरतात बिचाऱ्या. आमच्याकडे आल्या तेव्हा हातात वही होती, वाड्यावरच्या पोरांची नावं आणि प्रत्येक नावापुढे कोण कुठल्या केजीत जातो ते लिहिलेलं. एकही नाव कोरं नव्हतं.

माध्यमाचं म्हणाल तर 2011 ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा केवढं रान पेटलं, 2012 ला सरकार बदललं तरी अनुदान काय बंद झालं नाही. पण मराठीतूनच शिकवणाऱ्या खासगी शाळांचे वर्ग आमच्याकडे भरलेले असतात, ते कसे?

आणि दर्जा? शिक्षण हक्क कायदा सांगतो साठ मुलांपर्यंतही दोन शिक्षक हवेत. एकशिक्षकी शाळेत जाऊन बघा, एकाच फळ्यावर मध्ये खडूची रेघ, इकडे पहिलीची बेरीज तिकडे चौथीचा भागाकार, तेवढ्यात बचत गटाची पावभाजी येते ती मोजून घ्यायची, वर मतदार यादीचं काम असतंच. (हायस्कूलला पुरेसे शिक्षक असले की कित्येक सरकारी शाळांचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो, हे कोण सांगत नाही.)

गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव शाळा काढल्या, त्यांच्या खोल्या आज रिकाम्या आहेत आणि अंगणवाडी मात्र कुठेतरी भाड्याच्या जागेत. 2020 चं नवीन शैक्षणिक धोरण तर तीन ते आठ वर्षांचा एकच टप्पा मानतं. मग अंगणवाडी शाळेतच आणा ना, पूर्वप्राथमिकची ट्रेनिंग झालेली एक टीचर द्या, आणि बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेची बस, अनुदानित शाळांना मिळतो तसा दोन-तीन सरकारी शाळांत मिळून एक द्या. विलीनीकरणाचं त्यानंतर बघू. खासगी केजीचे फॉर्म जूनच्या कितीतरी आधी भरून होतात, तेव्हा करायचंच असेल तर दिवाळीच्या आत ठरवा.

एक पालक,
वाळपई, सत्तरी