घड्याळ फिरतं अमेरिकेत, कॅब चुकते इंदूरला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, की परदेशासारखी आपणही उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करावीत, वीज वाचेल, मुलांना संध्याकाळी खेळायला उजेड मिळेल वगैरे. वाचलं आणि वाटलं ह्यांना मार्च महिन्यात एकदा आमच्या घरी चहाला बोलवावं. आम्ही राहतो इंदूरला, आमच्या हॉलमधलं घड्याळ सेल संपला तरच भिंतीवरून खाली उतरतं, पण वर्षातून दोनदा आमच्या घराची वेळ बदलतेच.

माझा मुलगा विजय नगरला एका कंपनीत आहे, काम सगळं न्यूयॉर्कच्या वेळेने. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे थंडीत आपले संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक रात्री दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आता कोणी म्हणेल त्यात काय, एका तासाचा तर प्रश्न. तर ऐका. ह्या मार्चमधला तो सोमवार, साडेपाच वाजलेले, मी त्याला गव्हाचा डबा देऊन चक्कीवर पाठवलेलं कारण कॅब साडेसहाची. दारात हॉर्न वाजायला लागला, मला वाटलं शेजाऱ्यांकडे कोणी आलं असेल. मग ड्रायव्हरचा फोन, आंटी भैया को भेजो, आज से टाइम बदल गया. म्हणे शुक्रवारी मेल आला होता! चिरंजीवांनी उघडला नव्हता. ड्रायव्हर दहा मिनिटं थांबला आणि गेला, त्याला पुढची तीन पोरं घ्यायची होती. हा चक्कीवरून आला तो हाताला, केसांना पीठ, तसाच स्कूटर काढून पळाला, डबा राहिला तिकडेच. अर्ध्या दिवसाचा पगार कापला ते वेगळं. त्या रात्री भातावर भागवलं.

आणि हे एका दिवसात संपत नाही. त्याच्या टीममधला एक साहेब लंडनला बसतो, आणि लंडनवाले घड्याळ बदलतात मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे अमेरिका पुढे सरकलेली, लंडन जागच्या जागी, आणि पोरगं विचारतंय आई आज मीटिंग किती वाजता, जशी काही मीच ती ठेवली आहे. ऑक्टोबरात परत उलटं, लंडनवाले आधी, अमेरिकेवाले आठवड्याने.

माझी मोठी बहीण फिनिक्सला असते. ते ॲरिझोनात येतं आणि अमेरिकेत असूनही ॲरिझोना ही भानगड करत नाही. 1967 ला एक वर्ष करून बघितली आणि 1968 पासून सोडून दिली, कारण तिकडचं ऊन. ताई म्हणते इथे संध्याकाळी सूर्य कधी एकदा जातो असं होतं, त्याला अजून तासभर कोण थांबवून घेणार. तर ताईत आणि माझ्यात बारा महिने साडेबारा तासांचंच अंतर. तिची मुलगी न्यू जर्सीला, तिला फोन करायचा तर मात्र आधी महिना आठवावा लागतो, कधी साडेनऊ तास कधी साडेदहा.

ताईचं म्हणणं इंदूरला जसंच्या तसं लागू पडतं. मे महिन्यात इथे बेचाळीस डिग्री, सूर्य बुडतो सातच्या सुमारास, गच्ची रात्री नऊपर्यंत तव्यासारखी. आमचं गाव खरं जागं होतं ते ऊन उतरल्यावर, सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद होतात आणि त्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात. घड्याळ तासभर पुढे केलं तर घड्याळात आठ वाजत आले तरी ऊन. मुलं खेळतील कशी, बाहेरच पडणार नाहीत.

लंडनचं एक वेळ समजू शकतं. तिकडे जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमधला आठ तासांचासुद्धा नाही. घड्याळ पुढे केलं नाही तर जूनमध्ये पहाटे पावणेचारलाच सूर्य उगवेल, तेवढा उजेड वाया. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांचा, सगळ्यात लहान पावणेअकरा. एवढ्यासाठी सगळ्या देशाची घड्याळं फिरवायची? दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945, आपल्याकडेही घड्याळं तासभर पुढे केली होतीच की, युद्ध संपलं आणि परत मागे आणली. त्याची कोणाला आठवण येते असं दिसत नाही.

आणि ऋतूप्रमाणे वेळ बदलायचीच असेल तर आमच्या शेजारी उज्जैनला बघा ना. महाकालाच्या मंदिरात होळीच्या दुसऱ्या दिवसापासून आणि शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून आरतीच्या वेळा बदलतात. उन्हाळ्यात सकाळची आरती सातला, थंडीत साडेसातला. आणि संध्याकाळची उन्हाळ्यात सातला, थंडीत साडेसहाला. म्हणजे थंडीत सकाळची उशिरा आणि संध्याकाळची लवकर, कारण थंडीत सूर्य उगवतो उशिरा आणि मावळतो लवकर! घड्याळ सरकवून हे कधी जमायचंच नाही, घड्याळ पुढे केलं तर दोन्ही टोकं एकाच बाजूला जातात. भस्म आरती मात्र एरवी उन्हाळा असो की थंडी, पहाटे चारलाच, ऋतू बदलला म्हणून तिला कोणी हात लावत नाही. जानेवारीत कडाका पडला की इथले कलेक्टर साहेबही तेच करतात, शाळा उशिरा भरवायचा आदेश काढतात आणि विषय संपतो. सूर्यच त्या दिवसांत सातनंतर उगवतो, सहाच्या बसला पोरं उभी करायची म्हणजे चक्क रात्रच.

म्हणून त्या वाचकांना एवढंच सांगणं की घड्याळाच्या नादी लागू नका, तुमच्या मैदानाची, ऑफिसची, शाळेची वेळ बदलून घ्या.

आणि तुमच्याकडे एक मागणी. रोजच्या पंचांगात तुम्ही सूर्योदय, सूर्यास्त, राहुकाळ सगळं छापता (सूर्योदय मुंबईचा असतो, आम्ही मनातल्या मनात काही मिनिटं वजा करतो, त्याची तक्रार नाही). तिथेच मार्चच्या दुसऱ्या रविवारच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी एक ओळ टाका, की उद्यापासून अमेरिकेची वेळ बदलते आहे. इंदूर, पुणे, नाशिक, नागपूर, जिथे जिथे रात्रपाळीची पोरं आहेत त्या घरांना उपयोग होईल. पोरं मेल वाचत नाहीत पण आया पंचांग वाचतात. तूर्तास मी दिनदर्शिकेवर मार्चच्या त्या सोमवारी लाल पेनाने 'कॅब 5.30' लिहून ठेवते, ते दरवर्षी नव्या दिनदर्शिकेवर परत आठवणीने लिहावं लागतं, आणि ह्या वर्षी तेच राहून गेलं होतं.

तुमची एक वाचक,
रामबाग, इंदूर